१७६६३१९०४९ : एका संख्येची ऐतिहासिक साक्ष

सारांश

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथात (इ. स. ११५०) ६१ ही प्रकृती घेऊन मांडलेल्या वर्गप्रकृतीच्या उदाहरणाचे उत्तर १७६६३१९०४९ व २२६१५३९८० असे येते. सुमारे पाचशे वर्षांनी, १६५७ मध्ये, फ्रेंच गणिती फर्मा यांनी हाच प्रश्न ६१ याच संख्येसह आपल्या समकालीनांपुढे ठेवला. प्रस्तुत निबंधात या उत्तराचे गणिती गुणधर्म, त्यामागील पद्धतीची जडणघडण आणि त्याविषयी झालेले इतिहासलेखन यांचा विचार केला आहे. एखादी संख्या इतिहासाचा पुरावा म्हणून किती दूरवर नेता येते आणि कोठे थांबावे लागते, हा या विवेचनाचा मुख्य प्रश्न आहे.

प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, नाणी, हस्तलिखिते व प्रवासवर्णने यांचा उल्लेख होतो. गणिताच्या इतिहासाला याखेरीज आणखी एक साधन उपलब्ध असते, ते म्हणजे ग्रंथात नोंदलेले उत्तर. ताम्रपट बनावट असू शकतो, प्रशस्तीत अतिशयोक्ती असू शकते, नकलकाराच्या हातून श्लोक गळू शकतो. गणिती उत्तराची परीक्षा मात्र आजही, कोणत्याही ठिकाणी, केवळ कागद व लेखणी यांच्या आधारे घेता येते. उत्तर बरोबर असेल तर ते ज्याने लिहिले त्याला ते काढण्याचे काही साधन अवगत होते, एवढे तरी मान्य करावे लागते.

तथापि प्राचीन भारतीय गणिताविषयीच्या लेखनात अशा उत्तरांचा उपयोग बहुधा दोन टोकांनी झालेला दिसतो. एका बाजूस ते ‘आपल्याकडे सर्व काही आधीच होते’ या अभिमानाचे साधन बनते. दुसऱ्या बाजूस ते आकडेमोडीचे कौतुकास्पद पण तुटक उदाहरण म्हणून बाजूला ठेवले जाते. दोन्ही भूमिकांत संख्येचा स्वतःचा जबाब ऐकून घेण्याचे राहूनच जाते. म्हणून येथे एकच उत्तर निवडून त्याची साक्ष क्रमाने तपासली आहे.

प्रश्नाचे स्वरूप व परिभाषा

प्रश्न शब्दांत सोपा आहे. अशी एक पूर्ण संख्या शोधावयाची की जिच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळविला असता येणारी संख्याही पूर्ण वर्ग असावी. भारतीय परिभाषेत या प्रकाराला ‘वर्गप्रकृती’ म्हणतात. ज्या संख्येने वर्गाला गुणावयाचे ती ‘प्रकृती’. येथे ती ६१ आहे. जी संख्या मिळवावयाची तो ‘क्षेप’. येथे तो १ आहे. शोधावयाच्या दोन संख्यांपैकी लहान ती ‘कनिष्ठ’ आणि मोठी ती ‘ज्येष्ठ’ होय.

प्रकृती स्वतः पूर्ण वर्ग असेल तर (कनिष्ठ शून्य घेतल्याखेरीज) प्रश्नाला उत्तर नसते. ती पूर्ण वर्ग नसेल तर उत्तर नेहमीच असते; एक उत्तर मिळाले की त्यावरून अगणित उत्तरे काढता येतात. म्हणून खरा शोध सर्वांत लहान उत्तराचा असतो. या लहानात लहान उत्तराचा आकार मात्र प्रकृतीच्या आकारावरून मुळीच सांगता येत नाही.

६१ च्या शेजारच्या संख्या पाहिल्या म्हणजे हे स्पष्ट होते. प्रकृती ६० असता कनिष्ठ ४ व ज्येष्ठ ३१ मिळते : ४ चा वर्ग १६, त्याची ६० पट ९६०, त्यात १ मिळविता ९६१, आणि ते ३१ चा वर्ग होय. प्रकृती ६२ असता कनिष्ठ ८ व ज्येष्ठ ६३ येते. प्रकृती ६३ असता तर कनिष्ठ १ व ज्येष्ठ ८ एवढ्यावरच काम भागते. या तिन्ही उदाहरणांची उत्तरे विद्यार्थ्याला थोड्या प्रयत्नाने सापडतील. परंतु ६१ साठी लहानात लहान कनिष्ठ २२ कोटी ६१ लाख ५३ हजार ९८० आणि ज्येष्ठ १ अब्ज ७६ कोटी ६३ लाख १९ हजार ४९ आहे. त्याहून लहान असे एकही उत्तर नाही.

संख्येचे गणिती गुणधर्म

प्रथम पडताळा घेऊ. २२६१५३९८० चा वर्ग ५११४५६२२६६९८४०४०० आहे. त्याची ६१ पट ३११९८८२९८२८६०२६४४०० होते. त्यात १ मिळविता ३११९८८२९८२८६०२६४४०१ ही एकोणीस अंकी संख्या येते आणि ती १७६६३१९०४९ चा तंतोतंत वर्ग आहे. एकाही अंकात चूक झाली असती तर हा मेळ बसला नसता. हस्तलिखिताच्या पाठशुद्धीसाठी अनेक प्रती ताडून पाहाव्या लागतात; येथे उत्तर स्वतःच आपली शुद्धता सिद्ध करते.

ज्येष्ठ संख्या १७६६३१९०४९ ही मूळ संख्या नाही. तिच्यातील एकाआड एक अंकांच्या दोन्ही बेरजा २३ येतात, म्हणून तिला ११ ने निःशेष भाग जातो. तिच्या दोन्ही शेजाऱ्यांची घडण अधिक लक्षणीय आहे. तिच्याहून एकाने कमी असलेली संख्या २९७१८ च्या वर्गाची दुप्पट आहे. तिच्याहून एकाने अधिक असलेली संख्या ३८०५ च्या वर्गाची १२२ पट, म्हणजे ६१ च्या दुपटीने गुणलेली आहे. कनिष्ठ संख्या ही याच दोन संख्यांच्या गुणाकाराची दुप्पट होय. तिचे मूळ अवयव २, २, ३, ३, ५, १३, १२७ व ७६१ असे आहेत. येथे दिसणाऱ्या २९७१८ व ३८०५ या संख्या योगायोगाने आलेल्या नाहीत. २९७१८ चा वर्ग हा ३८०५ च्या वर्गाच्या ६१ पटीहून बरोबर एकाने कमी आहे. म्हणजे ६१ च्या बाबतीत ‘उणे १’ हा क्षेप आधी साधतो आणि त्यावरून ‘अधिक १’ साधताना अंकांची संख्या जवळजवळ दुप्पट होते. उत्तर एवढे मोठे येण्याचे हे एक कारण आहे.

तिसरा गुणधर्म वर्गमूळाशी संबंधित आहे. ज्येष्ठाला कनिष्ठाने भागले असता येणारा भागाकार ६१ च्या वर्गमूळाच्या इतका जवळ आहे की दोहोंतील फरक दशांशचिन्हानंतरच्या अठराव्या स्थानी प्रकट होतो. वर्गमूळाचे सूक्ष्म आसन्न मान मिळविणे हा अशा उत्तरांचा एक उपयोग आहे.

चौथी बाब तुलनेची आहे. १०० पर्यंतच्या सर्व प्रकृती घेतल्या तर लहानात लहान उत्तर सर्वांत मोठे येते ते ६१ साठीच. त्याखालोखाल ९७ चे उत्तर मोठे आहे : कनिष्ठ ६३७७३५२ व ज्येष्ठ ६२८०९६३३. परंतु ६१ चे कनिष्ठ त्याच्याही सुमारे ३५ पट आहे. पुढील विवेचनात या तुलनेला विशेष महत्त्व आहे.

आता हे उत्तर चाचपडत, म्हणजे १, २, ३ अशा क्रमाने एकेक कनिष्ठ तपासून मिळाले असेल काय? एका मिनिटात एक संख्या तपासली आणि रात्रंदिवस काम चालू ठेवले, तरी २२ कोटी ६१ लाखांवर संख्या तपासण्यास सुमारे ४३० वर्षे लागतील. इ. स. ११५० मध्ये आरंभ केला असता तर काम १५८० च्या सुमारास संपले असते. अर्थात उत्तर शोधणाऱ्याजवळ निश्चित पद्धत होती, हे ग्रंथात तिचे वर्णन नसते तरीही मानावे लागले असते. ही या संख्येची पहिली आणि सर्वांत बळकट साक्ष होय.

ब्रह्मगुप्त ते भास्कराचार्य : पद्धतीची घडण

सुदैवाने पद्धतीचे वर्णनही उपलब्ध आहे आणि ते एका व्यक्तीपुरते मर्यादित नाही. इ. स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धांत’ रचणाऱ्या ब्रह्मगुप्ताने वर्गप्रकृतीचा पाया घातला. त्याचा मुख्य शोध ‘भावना’ या नावाने ओळखला जातो. एकाच प्रकृतीची, पण वेगवेगळ्या क्षेपांची दोन उत्तरे हाती असतील, तर त्यांचा विशिष्ट रीतीने संयोग करून तिसरे उत्तर मिळते आणि त्याचा क्षेप मूळ दोन क्षेपांच्या गुणाकाराइतका असतो. दोन ज्येष्ठांचा गुणाकार आणि दोन कनिष्ठांच्या गुणाकाराची प्रकृतीपट यांची बेरीज हे नवे ज्येष्ठ. एकाचे ज्येष्ठ व दुसऱ्याचे कनिष्ठ यांच्या तिरकस गुणाकारांची बेरीज हे नवे कनिष्ठ. या एका नियमामुळे उत्तरांतून उत्तरे निर्माण करता येऊ लागली.

ब्रह्मगुप्ताने असेही दाखविले की क्षेप १ ऐवजी उणे १, अधिक किंवा उणे २, अधिक किंवा उणे ४ यांपैकी काही साधला, तरी तेथून १ पर्यंत जाता येते. ९२ या प्रकृतीचे त्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. त्याचे उत्तर कनिष्ठ १२० व ज्येष्ठ ११५१ असे येते. परंतु त्या विशेष क्षेपांपर्यंत पोहोचावे कसे, याची सार्वत्रिक रीत त्याच्याजवळ नव्हती. तेथे अंदाजाचा आधार घ्यावा लागे.

ही उणीव ‘चक्रवाल’ पद्धतीने भरून काढली. जुळेल तो लहानसा क्षेप घेऊन आरंभ करावयाचा. मग कुट्टकाच्या साहाय्याने अशी संख्या निवडावयाची की जिच्याशी भावना केल्यावर आधीच्या क्षेपाने सर्व पदांना निःशेष भाग जाईल आणि नवा क्षेपही आटोक्यात राहील. हे आवर्तन पुन:पुन्हा केले की क्षेप फिरत फिरत १ वर येतो. चक्राकार गतीवरून पद्धतीला हे नाव मिळाले.

चक्रवालाचा उगम भास्कराचार्यांच्या पूर्वीचा आहे. ‘लघुभास्करीय’ ग्रंथावर उदयदिवाकराने १०७३ मध्ये लिहिलेल्या ‘सुंदरी’ टीकेत आचार्य जयदेवाची या विषयावरील वचने उद्धृत केलेली आहेत. कृपाशंकर शुक्ल यांनी १९५४ मध्ये ती अभ्यासकांपुढे आणली. भास्कराचार्यही ‘चक्रवाल’ हे नाव इतरांनी दिलेले म्हणूनच सांगतात, आणि ‘बीजगणिता’च्या अखेरीस ब्रह्मगुप्त, श्रीधर व पद्मनाभ यांच्या विस्तृत ग्रंथांचे सार आपण घेतल्याचे नोंदवितात. तेव्हा ६१ च्या उत्तराचे श्रेय एकट्या भास्कराचार्यांना देणे हे त्यांच्या स्वतःच्या कथनाशीही जुळत नाही.

उत्तरापर्यंतचा मार्ग

‘बीजगणिता’त चक्रवालाच्या स्पष्टीकरणासाठी ६७ व ६१ ही दोन उदाहरणे दिली आहेत. ६७ चे उत्तर कनिष्ठ ५९६७ व ज्येष्ठ ४८८४२ असे येते. ६१ चा मार्ग पुढीलप्रमाणे आहे.

आरंभी कनिष्ठ १ व ज्येष्ठ ८ घेतात. ८ चा वर्ग ६४. त्यातून ६१ वजा जाता क्षेप ३ उरतो. आता अशी संख्या हवी की जिच्यात ८ मिळविले असता ३ ने भाग जावा आणि जिचा वर्ग ६१ च्या जवळ असावा. ७ ही ती संख्या होय. चक्रवालाचे एक आवर्तन केले असता कनिष्ठ ५, ज्येष्ठ ३९ आणि क्षेप उणे ४ मिळतो. ३९ चा वर्ग १५२१ व ५ च्या वर्गाची ६१ पट १५२५ असल्याने हे बरोबर आहे.

येथे उणे ४ हा ब्रह्मगुप्ताचा विशेष क्षेप हाती लागला. म्हणून पुढची आवर्तने न करता पदांना २ ने भागून साडेएकोणीस व अडीच ही अपूर्णांकी पदे घेतात. त्यांचा क्षेप उणे १ होतो. त्यांची स्वतःशीच भावना करता ७६१ पूर्णांक १/२ व ९७ पूर्णांक १/२ ही पदे आणि क्षेप १ मिळतो. या पदांची पुन्हा पहिल्या पदांशी भावना केली की अपूर्णांक नाहीसे होऊन ज्येष्ठ २९७१८ व कनिष्ठ ३८०५ येते, क्षेप उणे १. शेवटी याच जोडीची स्वतःशी भावना केली असता क्षेप १ होतो आणि १७६६३१९०४९ व २२६१५३९८० या संख्या अवतरतात.

दहा अंकी उत्तरासाठी एवढाच खटाटोप पुरतो. चक्रवालाचे एक आवर्तन आणि भावनेचे तीन संयोग यांत काम संपते. या मार्गात सातव्या शतकातील ब्रह्मगुप्ताची भावना आणि त्यानंतर घडलेले चक्रवाल हे दोन्ही थर एकमेकांत मिसळलेले आहेत. उत्तराचा मोठेपणा थक्क करणारा असला तरी त्याहून महत्त्वाची आहे ती मार्गाची काटकसर.

ग्रंथाचे जतन व भाषांतरे

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ (इ. स. १११४) मधील. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ रचला. सह्याद्रीच्या सान्निध्यातील विज्जडविड हे आपले गाव असल्याचे ते सांगतात. त्याच्या स्थाननिश्चितीविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यांच्या कुळाविषयीचा महत्त्वाचा पुरावा मात्र महाराष्ट्रातच मिळाला. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये प्रकाशात आणला. शके ११२८ च्या या लेखावरून भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होता आणि भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्याने मठ स्थापन केला होता, असे समजते. लेख मुख्यत्वे संस्कृतात असून अखेरच्या काही ओळी जुन्या मराठीत आहेत. ग्रंथ रचल्यानंतर सहा दशकांच्या आत त्याच्या पठनपाठनाची संस्थात्मक व्यवस्था झाली होती, ही बाब या लेखामुळे निश्चित होते. शं. बा. दीक्षित यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात भास्कराचार्यांचे चरित्र व ग्रंथ यांचा मराठीत साक्षेपी परामर्श घेतला आहे.

वर्गप्रकृतीचा अभ्यासही भास्कराचार्यांबरोबर संपला नाही. नारायण पंडिताने ‘गणितकौमुदी’त (इ. स. १३५६) ९७ व १०३ या प्रकृतींची उदाहरणे घेतली. शहाजहानच्या काळात, १६३४ मध्ये, अताउल्ला रशिदी याने ‘बीजगणिता’चे फारसी भाषांतर केले. त्यावरून एडवर्ड स्ट्रेची याने १८१३ मध्ये इंग्रजी रूप प्रसिद्ध केले आणि १८१७ मध्ये हेन्री टॉमस कोलब्रुक याचे थेट संस्कृतवरून केलेले इंग्रजी भाषांतर लंडनमध्ये छापले गेले. युरोपीय गणित्यांना ६१ च्या भारतीय उत्तराची ओळख प्रामुख्याने या दोन ग्रंथांमुळे झाली. तोवर तेथे या प्रश्नाचा स्वतंत्र इतिहास घडून गेला होता.

फर्मा आणि ६१

१६५७ च्या आरंभी पिएर द फर्मा यांनी युरोपातील, विशेषतः इंग्लंडमधील, गणित्यांना आव्हान दिले. पूर्ण वर्ग नसलेली कोणतीही प्रकृती घेऊन १ या क्षेपाचे पूर्णांकी उत्तर शोधावे, असा तो प्रश्न होता. फ्रेनिकल यांना लिहिताना त्यांनी ६१ व १०९ ही उदाहरणे सुचविली, आणि फार त्रास पडू नये म्हणून लहान संख्या निवडल्याचे भासविले. प्रत्यक्षात १०९ चे ज्येष्ठ १५८०७०६७१९८६२४९ असे पंधरा अंकी आहे. संख्या लहान आणि उत्तर अवाढव्य, हीच त्या निवडीतील खोच होती.

इंग्लंडमध्ये लॉर्ड ब्राउंकर व जॉन वॉलिस यांनी या आव्हानाला उत्तर दिले. प्रथम त्यांनी अपूर्णांकी उत्तरे दिली. पूर्णांकांचा आग्रह धरला जाताच ब्राउंकर यांनी पद्धत शोधून काढली. ३१३ या प्रकृतीचे सतरा अंकी ज्येष्ठ आपण एका-दोन तासांत काढल्याचे त्यांनी कळविले होते. हा पत्रव्यवहार वॉलिस यांनी १६५८ मध्ये प्रसिद्ध केला.

भास्कराचार्य आणि फर्मा या दोघांनीही ६१ निवडावा, या साम्यावरून हा प्रश्न भारतातून युरोपात गेला असावा असे अनुमान काढण्याचा मोह होतो. येथे संख्येची साक्ष काळजीपूर्वक ऐकली पाहिजे. १०० पर्यंतच्या प्रकृतींत सर्वांत मोठे उत्तर ६१ चेच येते, हे वर पाहिले. ज्याच्याजवळ समर्थ पद्धत आहे आणि जिला कठीण उदाहरणावर तपासून पाहावयाचे आहे, त्याची दृष्टी स्वाभाविकपणे ६१ वरच जाईल. दोन गिर्यारोहक एकाच परिसरात आले आणि दोघेही सर्वांत उंच शिखरावर चढले, तर एकाने दुसऱ्याला वाट विचारली होती असे सिद्ध होत नाही. शिवाय फर्मा यांना परिचित असलेली ‘बीजगणिता’ची एखादी युरोपीय आवृत्ती त्या वेळी अस्तित्वात नव्हती, छापील भाषांतरे त्यानंतर दीड शतकाने आली. म्हणून हे साम्य प्रसाराचा पुरावा ठरत नाही. प्रश्नाचे अंतरंग दोघांनीही स्वतंत्रपणे ओळखले होते, एवढाच त्याचा अर्थ घेता येतो. तो अर्थही कमी मोलाचा नाही.

पेल यांचे नाव व सिद्धतेचा प्रश्न

या समीकरणाला आज जगभर ‘पेल समीकरण’ म्हणतात. जॉन पेल (१६११–१६८५) हे इंग्रज गणिती. परंतु पद्धत ब्राउंकर यांची होती. ऑयलर यांनी ती पेल यांच्या नावे लावली आणि ते नाव रूढ झाले. ऑयलर यांच्या १७७० च्या बीजगणितावरील ग्रंथात १०० च्या आतील प्रकृतींच्या उत्तरांचा तक्ता आहे. त्यात ६१ पुढे २२६१५३९८० व १७६६३१९०४९ याच दोन संख्या आहेत. सहाशे वीस वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या परिसरात लिहिलेले उत्तर आपण पुन्हा लिहीत आहोत, याची त्यांना कल्पना असण्याचा संभव नव्हता. नामकरण ही बहुधा उपलब्ध माहितीची मर्यादा असते. तीत हेतूचा शोध घेणे प्रत्येक वेळी आवश्यक नसते.

अधिक गंभीर प्रश्न सिद्धतेचा आहे. प्रत्येक अवर्ग प्रकृतीला उत्तर असतेच, आणि पद्धत प्रत्येक वेळी तेथवर नेतेच, हे कोणी सिद्ध केले? फर्मा यांनी सिद्धता असल्याचा दावा केला, पण ती प्रसिद्ध केली नाही. ब्राउंकर व वॉलिस यांच्या पद्धतीतही ही बाजू अपुरी राहिली. पहिली संपूर्ण सिद्धता लाग्रांज यांनी १७६८ च्या सुमारास दिली. त्यासाठी त्यांनी परंपरित अपूर्णांकांचा, म्हणजे छेदात पुन्हा अपूर्णांक अशा साखळीने वर्गमूळ मांडण्याचा, आधार घेतला. ६१ च्या वर्गमूळाच्या अशा मांडणीत अकरा पदांचा गट पुन:पुन्हा येतो.

‘बीजगणिता’त चक्रवालाचे नियम आणि उदाहरणे आहेत, ते नेहमी १ वर पोहोचते याची सिद्धता नाही. हर्मान हांकेल यांनी १८७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात चक्रवालाचा, लाग्रांजपूर्व अंकशास्त्रातील सर्वोत्तम कामगिरी म्हणून, गौरव केला. तरीही पद्धत नेहमी यशस्वी होते हे दाखविण्याचे काम ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी १९२९ च्या सुमारास केले. क्लास-ओलोफ सेलेनिअस यांनी १९७५ मध्ये तिचे परंपरित अपूर्णांकांशी असलेले नाते उलगडून तिच्या काटकसरीचे कारण स्पष्ट केले. म्हणजे पद्धत मध्ययुगीन, तिची सिद्धता विसाव्या शतकातील, अशी ही स्थिती आहे. पद्धतीचे मोल यामुळे उणावत नाही. पण पद्धत आणि सिद्धता या दोन वेगळ्या कामगिऱ्या आहेत हे विसरून चालत नाही.

साक्षीच्या मर्यादा

आतापर्यंतच्या विवेचनावरून संख्येच्या साक्षीची सीमा आखता येते. १७६६३१९०४९ ही संख्या ठामपणे सांगते की ती लिहिणाऱ्याजवळ पद्धत होती. परंतु ती पद्धत कोणती, हे ती सांगत नाही. चक्रवाल असो, ब्राउंकर यांची रीत असो वा लाग्रांज यांची, तिन्ही मार्ग याच संख्येवर येतात आणि तिच्यावर वाटेची कोणतीही खूण उरत नाही. मार्ग जाणण्यासाठी ग्रंथ, टीका व शिलालेख यांच्याकडेच वळावे लागते. त्याचप्रमाणे पद्धत कोणी प्रथम शोधली, ती कोणाकडून कोणाकडे गेली आणि ती का चालते हे कर्त्याला उमगले होते काय, या प्रश्नांवर संख्या मौन बाळगते.

हे मौन अभ्यासकाने आपल्या इच्छेप्रमाणे भरून काढणे योग्य नव्हे. अभिमानापोटी त्यात सिद्धता भरणे किंवा अवहेलनेपोटी त्यातील पद्धतही नाकारणे, ही दोन्ही सारखीच चूक आहे. गणिताच्या इतिहासाचे अध्यापन करताना या उदाहरणाचा विशेष उपयोग होऊ शकतो. विद्यार्थ्याला पडताळा स्वतः करता येतो, मार्ग स्वतः चालून पाहता येतो आणि त्यानंतर कोणते विधान पुराव्यावर उभे आहे व कोणते नाही, हे स्वतः ठरविता येते. इतिहास आणि गणित या दोन विषयांचे विभाग महाविद्यालयात वेगळे असले, तरी हे उदाहरण दोन्ही वर्गांत सारख्याच उपयोगाचे आहे.

निष्कर्ष

१. ६१ या प्रकृतीचे लहानात लहान उत्तर इतके मोठे आहे की ते केवळ चाचपणीने मिळणे व्यवहारतः अशक्य होते. म्हणून ‘बीजगणिता’तील उत्तर हे निश्चित पद्धतीच्या अस्तित्वाचा स्वयंसिद्ध पुरावा आहे.

२. ही पद्धत एका व्यक्तीची निर्मिती नसून ब्रह्मगुप्त, जयदेव व भास्कराचार्य यांच्या परंपरेत ती घडत गेली. ६१ च्या उत्तराचा मार्ग या परंपरेचे थर स्पष्ट दाखवितो.

३. भास्कराचार्य व फर्मा या दोघांनी ६१ च निवडणे हे ज्ञानप्रसाराचा पुरावा ठरत नाही. १०० पर्यंतच्या प्रकृतींत ६१ चे स्थान सर्वांत कठीण असल्याने त्या साम्याचे स्पष्टीकरण संख्येच्या गुणधर्मातच मिळते.

४. पद्धत, उत्तर व सिद्धता या तीन कामगिऱ्यांचे श्रेय स्वतंत्रपणे पाहिले पाहिजे. पहिल्या दोन बाबतींत भारतीय परंपरेचा अग्रक्रम निर्विवाद आहे. सार्वत्रिक सिद्धतेचे श्रेय लाग्रांज यांचे आहे, आणि चक्रवालापुरते ते कृष्णस्वामी अय्यंगार यांच्याकडे जाते.

५. समीकरणाला पेल यांचे नाव चिकटले ते आता बदलणे कठीण आहे. परंतु ज्या वर्गात ते शिकविले जाते तेथे ६१ चे उदाहरण आणि त्याचा ११५० मधील मार्ग फळ्यावर मांडणे कठीण नाही. परंपरेविषयीचा आदर घोषणेपेक्षा अशा पडताळ्यातून अधिक टिकाऊ होतो.